तीन मिनिटांचं लोणचं

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४

हुक पाहिजे म्हणे! हुक! पहिल्या तीन सेकंदांत. नाहीतर बघणारा अंगठ्याने पुढे सरकवतो.

चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं मी. निबंधाला सुरुवात लागते, मग मुद्दे, मग समारोप. आणि आज हा पुण्याचा सुजय माझ्याच पडवीत बसून, माझ्याच घरचा चहा ढोसून मला सांगतो — "सर, इंट्रो नको. इंट्रो कोणी बघत नाही." वय वर्षं अठ्ठावीस. पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. विकत घेतानाच तशी घेतलीय, असं अद्नान म्हणतो. घ्या!

झालंय ते असं. अद्नानच्या कोलंबीच्या लोणच्याची मुंबईच्या एका दुकानवाल्या बाईंनी चौकशी केलीय. एकोणीस दुकानं आहेत त्यांची. बाई फोनवर म्हणाल्या, बरण्या पाठवा, आणि सोबत तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. पाच नोव्हेंबरच्या आत. "लोणचं बनवणारं माणूस आम्हाला दिसलं पाहिजे." म्हणून हा सुजय. धंद्याचे व्हिडिओ काढणं हाच त्याचा धंदा. कॅमेरा येणार अठ्ठावीस तारखेला. त्याआधी सगळं कागदावर पक्कं करायचं — काय दिसणार, काय ऐकू येणार, कोण काय बोलणार.

आणि लिहिणार कोण? मी! "अब्बा, तुमच्यासारखं मराठी रत्नागिरीत कोणाला येतं?" — इति अद्नान. लबाड पोरगा. लोणी लावलं आणि मी फसलो.

पण ही मजा नाही. दोह्याच्या कंपनीने त्याला परत बोलावलंय. डिसेंबर संपायच्या आत कळव म्हणालेत. एकोणीस दुकानांचं जमलं तर तो राहील, नाहीतर जानेवारीत चालला. अकरा वर्षं तिकडे काढून तीन वर्षांपूर्वी कुठे घरी आलाय. सूनबाई — उमैमा — कप उचलताना हळूच म्हणाली, "अब्बा, चांगलं लिहा हं." डोळे भरलेले. मी म्हटलं, लिहितो. दुसरं काय म्हणणार?

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सुजयने "नमुना" पाठवलाय. मी तसं लिहावं म्हणून. इथे उतरवून ठेवतो, पुढेमागे कोणाला खरं वाटणार नाही:

"कोकणातलं एक दुर्गम खेडं. कंदिलाचा मिणमिणता उजेड. चुलीपुढे बसलेली एक माउली, डोक्यावर ओढणी. ती खिडकीबाहेर बघते. तिचा मुलगा परदेशात आहे. डोळ्यांतून एक अश्रू लोणच्यात पडतो."

अश्रू! लोणच्यात! अन्न परवानेवाले काय म्हणतील?

आणि दुर्गम खेडं कुठलं? आम्ही कोकणनगरात राहतो. घरापुढून रिक्षा जातात. मागच्या शेडमध्ये गॅसच्या चार मोठ्या शेगड्या आहेत, ट्यूबलाइटी आहेत, पाच बायका कामाला आहेत. फोन लावला आणि हे सगळं ऐकवलं. तर म्हणतो, "सर, पण ऑथेंटिक वाटायला हवं ना."

"म्हणजे खरं आहे ते ऑथेंटिक नाही आणि खोटं आहे ते ऑथेंटिक? कुठल्या शाळेत होतास, बाळ?"



मी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वच्छ लिहून कळवलं — माझ्या कागदावर एक शब्द खोटा येणार नाही. आहे ते दाखवा, झालंय ते सांगा. त्यावर त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा! वाक्याला उत्तर वाक्याने द्यावं, हेही आता कोणी शिकवत नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

पहिला मसुदा. चार पानं.

अद्नानला पहिल्याच ओळीत "शंभर वर्षांची परंपरा" हवी होती. म्हटलं, कसली रे परंपरा? माझ्या आईने जन्मात कोलंबीचं लोणचं घातलं नाही. लिंबाचं घालायची, तेही कडू व्हायचं. "सगळे लिहितात, अब्बा." सगळे लिहितात! परीक्षेत पोरं एकमेकांचं बघून लिहायची तेव्हा हेच म्हणायची.

मग त्याला समोर बसवला आणि विचारलं, धंदा सुरू कसा झाला ते खरंखरं सांग. तो म्हणाला, दोह्याला असताना अम्मी डब्यातून लोणचं पाठवायची. एका खोलीत आठ पोरं. चार केरळची, दोन बिहारची, एक चिपळूणचा आणि हा. डबा उघडला की दोन दिवसांत रिकामा. बिहारचा पोरगा झाकणसुद्धा पुसून खायचा. तिथे डोक्यात आलं, की हे विकलं तर?

हे झकास आहे! आणि खरं आहे. तेच लिहिलं. दोह्याची खोली, आठ पोरं, एक डबा. मला स्वतःलाच आवडलं, कशाला खोटं बोलू.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

दुसरा मसुदा. दोन पानं. सुजय म्हणतो, लांब. त्याला "नमस्कार"सुद्धा लांब वाटत असेल!

रविवार, १३ ऑक्टोबर

आज घरात वाचन. जेवणं आटपल्यावर सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि तिसरा मसुदा वाचून दाखवला. मोठ्याने, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. उमैमाने टाळ्या वाजवल्या. अद्नान दोह्याच्या खोलीच्या वर्णनाला मान खाली घालून बसला. पोरगा हळवा आहे.

ही लसूण सोलत होती. अद्नानची अम्मी. पूर्ण ऐकलं. सालं परातीत गोळा केली, उठली आणि म्हणाली, "मी नाय येणार त्यात."

"का?"

"नाय म्हणजे नाय. तुमचं तुमी काढा."

आणि गेली आत.

आता? बाईंची अटच ती आहे. बनवणारं माणूस दिसलं पाहिजे. मीठ, तिखट, सिरका, सगळं हिच्या हातचं. शेडमधल्या पाच जणी हिच्या नजरेच्या धाकात. हिला सोडून काय दाखवायचं? शेगडी?

अद्नान म्हणाला, "अम्मीला लाज वाटत असेल. दोन दिवसांत मानेल." असेल. पण चेहरा लाजेचा नव्हता.

सोमवार, १४ ऑक्टोबर

तळपायाची आग मस्तकात गेलीय आज. अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

अद्नानने सुजयला कळवलं की अम्मी तयार नाही. तर हा दीडशहाणा म्हणतो, "नो इश्यू. आपण आर्टिस्ट घेऊ, अम्मी म्हणून. पुण्यात एक मॅडम आहेत. अगदी मुस्लिम दिसतात."

अगदी मुस्लिम दिसतात!

मी अद्नानच्या हातातून फोन ओढून घेतला. म्हटलं, "सुजयराव, मी कसा दिसतो? धोतर नेसून शाळेत जात नव्हतो मी, पण व्याकरण शिकवायचो. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज भाषणं करतात मराठीतून. मी कसा दिसतो सांगा की!" तो "तसं नाही सर, तसं नाही सर" करत राहिला. म्हटलं, "माझ्या बायकोच्या जागी दुसरी बाई बसवून लोणचं ढवळायला लावणार, आणि लोकांना सांगणार हीच ती? ह्याला फसवणूक म्हणतात. माझ्या बायकोच्या कामाचं श्रेय दुसऱ्या कोणाला जाणार नाही. मी जिवंत आहे तोवर तर नाहीच!"

शेजारचा अनिल कुंपणावरून डोकावून बघत होता, एवढा आवाज चढला.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकत. मला वाटलं, खूश होईल. तिने दार लोटून घेतलं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सुजयने माफी मागितली. नीट मागितली, वाक्यात. पोरगा वाईट नाही, अर्धवट आहे.

त्याने आता तक्ता करून पाठवलाय. एका रकान्यात दृश्य, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात पाटी. पाटी म्हणजे माणूस बोलत असताना छातीपाशी त्याचं नाव येतं ना, ते. अद्नानखाली लिहिलंय, "अद्नान मुकादम, संस्थापक". उमैमाखाली "उमैमा मुकादम, पॅकिंग व विक्री". तिसरी पाटी रिकामी. सुजयने फोनवर विचारलं, "अम्मींचं पूर्ण नाव काय टाकू?" अद्नान म्हणाला, "अम्मीच टाक. ब्रँडच तो आहे." बरोबर आहे. बरणीवर "अम्मीचं लोणचं" असंच छापलंय.

तक्त्यात एवढ्या चुका, की लाल पेन घेऊनच बसावं लागलं! सगळीकडे "कोळंबी". आमच्याकडे कोण म्हणतं कोळंबी? कोलंबी! चौदा ठिकाणी दुरुस्त केलं. "ताजी फ्रेश" एकदा. "हातांनी हस्तनिर्मित" एकदा. या अल्ला! मी नसतो तर काय झालं असतं! असल्या गोष्टींकडे कोणाचं लक्षच नसतं.

शिवाय सगळ्या व्हिडिओवर बोलणारा आवाज पुण्याच्या एका बाईंचा. नमुना ऐकवला. गोड आहे, पण बाई बातम्या सांगतात. म्हटलं, माणसं इथली, लोणचं इथलं, मग आवाज तिकडचा कशाला? आमचा हेल काय उष्टा आहे? सुजय म्हणाला, "सबटायटल लागतील सर." मी फोन ठेवला.

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज मनाचा हिय्या करून शेडमध्ये गेलो. बायका जेवायला गेल्या होत्या. ही एकटीच बरण्यांची झाकणं तपासत होती. म्हटलं, सरळ विचारावं.

"कॅमेऱ्याची लाज वाटते का?"

हसली. माहेर हिचं नाटे गाव. "नाट्याच्या बंदरावर वाढलेली बाई मी. कसली लाज?"

"मग परदा वगैरे?"

"डोक्यावर ओढणी हाय की. आनी काय?"

"मग अडतंय कुठे?"

"तुमी वाचता ते तसं नाय झालेलं."

"मग कसं झालं?"

"तुमाला म्हाईत."

मला माहीत असतं तर विचारलं असतं का! डोक्यात तिडीक गेली. पोराचं आयुष्य टांगणीला लागलंय, नऊ दिवसांवर कॅमेरा आलाय, आणि ही कोडी घालतेय. म्हटलं, "अद्नान दोह्याला परत गेला, तर मग बस बरण्या मोजत!" हे बोलायला नको होतं. बोललो.

तिने झाकण घट्ट केलं. "माझ्या पोराचं मला नका शिकवू, मास्तर," म्हणाली. हळू, पण अशी म्हणाली की मी परत फिरलो.

सोमवार, २१ ऑक्टोबर

चौथा मसुदा. ही बोलत नाही. मीही बोलत नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

उमैमाला मध्ये घातलं. सासू-सुनेचं चांगलं जमतं. ती विचारून आली आणि दारातच चुळबुळत उभी राहिली.

"काय म्हणाली?"

"अम्मी म्हणतात, अब्बांना विचारा."

परत मलाच! मी काय गुन्हा केलाय या घरात? रात्रंदिवस लिहितोय, त्या पुण्याच्या पोराशी भांडतोय, हिच्या अब्रूसाठी, हिच्या श्रेयासाठी! आणि उत्तर माझ्याकडे आहे म्हणे. माझ्याकडे चार मसुदे आहेत. आणखी काही नाही.

अद्नान आज जेवताना म्हणाला, "राहू दे अब्बा. नसेल नशिबात. कंपनीला हो कळवतो." उमैमा पानावरून उठून गेली.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

नाट्याला जाऊन आलो. काय लिहू?

सुजय काल रात्रीच पुण्याहून आला. रेकी करायची म्हणाला, म्हणजे कॅमेरा लावण्याआधी जागा बघून ठेवायच्या. त्याला बंदर हवं होतं, होड्या, जाळी. अद्नान म्हणाला, अम्मीचं माहेर नाटे, तिकडेच बघू. निदान कोलंबी कुठून येते ते खरं दाखवता येईल. हिला चल म्हटलं. "नाय." मग आम्ही तिघंच. पावस, पूर्णगडचा पूल, आडिवरे. सुजय गाडीतून दर पाच मिनिटांनी "वॉव" म्हणत होता.

बंदरावर एका ओढून ठेवलेल्या होडीवर सुजयने आमची बरणी ठेवली आणि मोबाईलमधून बघायला लागला, ऊन कसं पडतं ते. बाजूलाच एक म्हातारा जाळं शिवत बसलेला. पंचाहत्तरीचा असेल. भागोजी नाव. पूर्वी बोटीवर तांडेल होता म्हणाला, खलाशांचा म्होरक्या. त्याने विचारलं, "काय इकताव?" अद्नानने झाकण उघडून बरणी पुढे केली. म्हाताऱ्याने बोट बुडवून जिभेवर ठेवलं. आणि जाळं मांडीवरून खाली ठेवलं.

"ह्या रहिमाचा लोनचा!"

सुजय म्हणाला, "रहिमा कोण?"

"आमची रहिमा! होडेकरांची. अठरा-वीस वर्साची पोरगी व्हती. हितंच बसायची, त्या वडाखाली. लोनच्याच्या बरन्या घेऊन. बोट आठ-आठ दिस बाहेर, खायला भात नि सुकं. आमी खलाशी रहिमाच्या बरन्या घेतल्याबिगर बोट सोडायचो नाय. राजापूरच्या बाजारातनं मानसं यायची. चार पोरी कामाला ठेवलेल्या तिनं, सोताच्या! बापाच्या होडीला नवा इंजान घेऊन दिलान त्या पैशातनं."

"मग?"

"मग काय? रत्नागिरीच्या मास्तराशी लगीन झाला. पयले दोन-तीन म्हयने तिकडनं बरन्या धाडायची. मंग बंद. मास्तराला लाज वाटली म्हनं. शाळेतला मानूस, नि बायको लोनचा इकते." तो थुंकला. बाजूला, पण थुंकला. "चांगला चाललेला धंदा मेल्यानं बुडवलान पोरीचा."

अद्नान माझ्याकडे बघत होता. मी समुद्राकडे.

मग भागोजीने मलाच विचारलं, "तुमी कोन?"

मी म्हटलं, "मी ह्यांच्याबरोबर आलोय."

एवढंच म्हटलं. पोराच्या देखत.

येताना आडिवऱ्याला सुजयच्याने राहवलं नाही. "सर, हीच स्टोरी आहे! हाच आपला हुक!" मी ओरडलो, "खबरदार! घरातली गोष्ट आहे ती, बाजारात मांडायची नाही!" त्याने मागे वळून बघितलं. उद्धटपणे नाही. म्हणाला, "सर, तुम्हीच लिहिलं होतं मला. आहे ते दाखवा, झालंय ते सांगा."

तोंडात मारल्यासारखं झालं. अठ्ठावीस वर्षांचं पोरगं!

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

मी बंद कर म्हटलंच नव्हतं!

रात्रभर आठवत होतो. एकदाही म्हटलं नाही. शप्पथ. म्हातारा काहीबाही बोलला. त्याला काय माहीत आमच्या घरातलं? आईने म्हटलं असेल. आईला शिस्त फार होती. किंवा अद्नानच्या वेळी तब्येत बरी नव्हती, म्हणून सोडलं असेल. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट! बंदरावर बरण्या विकायची हे मला ठाऊक होतं, नाही असं नाही. पण ते लग्नाआधीचं. माझ्या डोक्यातच आलं नाही की ते आणि हे एकच.

जुम्म्याच्या नमाजाहून आलो तो सरळ स्वयंपाकघरात. अद्नानने हिला कालच सगळं सांगितलेलं.

"मी बंद कर म्हटलं होतं का? खरं सांग."

"नाय."

मला केवढं हायसं वाटलं! लगेच बोललो, "बघ! तेच म्हणतोय मी!"

"लग्नानंतर चौथा म्हयना. तुमचे हेडमास्तर चहाला आलेले. मी मागल्या ओट्यावर बरन्या भरत होते. ते हसले, म्हणाले, काय गुलाम रसूल, घरात कारखाना काय? ते गेल्यावर तुमी मला म्हणालात, 'शाळेतल्या लोकांना मी काय सांगू?' बस. येवढंच. दुसऱ्या दिवशी मी बरन्या धुतल्या नि माळ्यावर टाकल्या. नाट्याच्या चार पोरींना निरोप धाडला, दुसरं काम बघा."

"मग मला बोलायचं होतंस! भांडायचं होतंस!"

"बोलले असते तर?"

मी काय म्हणालो असतो? खूप विचार केला. त्या वयाचा मी, त्या शाळेतला. मला माहीत आहे मी काय म्हणालो असतो.

ती म्हणाली, "अद्नानने सुरू करूया म्हटलं तवा मी हरखले. म्हटलं, झालं, परत आलं. मग तुमी बापलेक कागद वाचायला बसलात. दोह्याच्या खोलीत सुरू झालं म्हणे. आठ पोरांनी खाल्लं, म्हणून. नि मी कोण? अम्मी. डबा भरून देणारी. माझं नावपण नाय त्यात. तुमी पुण्याच्या पोरावर ओरडलात, दुसरी बाई नाय बसवायची म्हणून. मी दारात उभी. म्हटलं, माझ्या जागी दुसरी बाई तर तुमीच बसवलीत कागदावर."

लाज वाटली. आयुष्यात अशी वाटली नव्हती. पंधरा दिवस मी सगळ्या जगावर चिडलोय. आता रागच आहे तेवढा, कोणावर काढू?

शनिवार, २६ ऑक्टोबर

पाचवा मसुदा. फाडला.

सहावा. फाडला. पहिल्याच वाक्यात "काही कारणाने बंद पडलेला" असं लिहून गेलो. काही कारणाने! पोरांच्या निबंधात ही भाषा दिसली की मी समासात लिहायचो — कर्ता कुठे आहे?

रविवार, २७ ऑक्टोबर

सातवा मसुदा. एक पान. पहिलं वाक्य:

"कोलंबीच्या लोणच्याचा हा धंदा रहिमा होडेकर यांनी वयाच्या अठराव्या वर्षी नाट्याच्या बंदरावर सुरू केला, आणि लग्नानंतर चौथ्या महिन्यात त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे मी, तो बंद पाडला."

लांब आहे. असू दे.

सगळ्यांसमोर वाचलं. आवाज लागला नाही नीट. अद्नानने कागद हातात घेतला. "अब्बा, मुंबईच्या बाईंना हे दाखवायचं? हे बघून कोण ऑर्डर देतं?"

"देतील किंवा नाही देतील. पण बनवणारं माणूस बघायचंय म्हणाल्यात ना? हे ते माणूस."

"आणि नाही दिली तर?"

तू जाशील, असं म्हणवेना. त्याने पेन घेतलं आणि आपल्या नावापुढचं "संस्थापक" खोडलं. पोरगा माझ्यापेक्षा लवकर शिकतो.

रहिमाने कागद मागून घेतला. चष्मा लावून स्वतः वाचला, बोट फिरवत. "हं," म्हणाली. कागदाची घडी घातली आणि ब्लाउजात ठेवून दिली. येणार का नाही ते बोललीच नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

सकाळी उठून बघतो तर रहिमा घरात नाही!

उमैमा म्हणाली, पहिल्या एसटीने नाट्याला गेल्या. दोन पिशव्या भरून बरण्या घेऊन. निरोप ठेवलाय — कॅमेरा बंदरावर आणा, मी लोणचं विकत असेन वडाखाली, तसंच काढा. आणि मास्तरांना सांग, पहिलं वाक्य दुसऱ्या कोणी नाही बोलायचं. त्यांनीच बोलायचं, भागोजीसमोर उभं राहून, आपण कोण ते सांगून.

सुजयची गाडी आठला येतेय. दार लावून वाक्य म्हणून बघितलं. माझंच वाक्य, माझंच मराठी. दोनदा म्हटलं.

बाहेरून उमैमा म्हणाली, "अब्बा, ऐकू नाही आलं."